लांबचे डोंगर हिरवे

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक म्हण आहे : ‘नी हे लॉ न गीहे लॉ न स्कॉलब.’ वाऱ्याचा दिवस हा काड्यांचा दिवस नव्हे. या काड्या छपराच्या. हेझल किंवा विलोच्या कोवळ्या फांद्या चिरायच्या, दोन्ही टोकं तासायची, मधोमध पीळ देऊन वाकवायच्या आणि तो आकडा गवताच्या पेंढ्यांवर दाबून छपरात ठोकायचा. एक घर शाकारायचं तर अशा काड्यांचे भारेच्या भारे लागतात. अटलांटिकवर वादळ उठल्यावर फांद्या शोधत हिंडून उपयोग नसतो, आणि तसल्या वाऱ्यात शिडी लावून वर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. काड्या तयार ठेवायच्या त्या निवांत दिवसांत. डोनेगल-मेयोच्या किनाऱ्यावरची काही जुनी घरं अजून उभी आहेत. त्यांच्या वळचणीखाली भिंतीत दगडी खुंट्या बसवलेल्या दिसतात. छपरावरून आडवेतिडवे दोर टाकून ते या खुंट्यांना आवळून बांधायचे. ती खुंटी हाताने चाचपून पाहिली की म्हणीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे हेच सांगायला तहान लागल्यावर विहीर खणू नये असं म्हणतात. आपल्या कोरड्या मुलखानं हे शहाणपण पाण्यावर बेतलं, त्यांच्या भिजक्या मुलखानं वाऱ्यावर. ज्याला जे छळतं त्यातून त्याची भाषा घडते, हे मला गॉलवेला राहायला आल्यावर हळूहळू कळत गेलं.

इथल्या दुकानांत आयरिश म्हणी भरपूर विकत मिळतात. मगवर, टॉवेलवर, हिरव्यागार टेकडीच्या फोटोवर वळणदार अक्षरांत. त्यांतल्या कित्येक खऱ्या असतात, सुंदरही असतात, आणि तरीही ते पाहून मला वाईट वाटतं. म्हण तिच्या कामापासून, तिच्या हवेपासून तोडली की ती कुणालाही लागू पडणारं गोड वाक्य होते. आणि खालचा फोटोसुद्धा असा निवडलेला असतो की त्यात माणूस नाही, कुदळ नाही, पडकं घर नाही. या म्हणी ज्यांनी घडवल्या त्यांना तो देखावा ओळखूसुद्धा आला नसता.

‘एर स्कॉ अ ह्येले अ वारन न दीने’ हीच घ्या. माणसं एकमेकांच्या आडोशाला जगतात. आयर्लंडमधली बहुधा सगळ्यात जास्त उच्चारली जाणारी म्हण. भाषणांत येते, शाळांच्या भिंतींवर असते, कोविडच्या काळात तर सारखी कानावर पडायची. पण ती मला खरी भेटली इनिश ईर या बेटावर. आरन बेटांतलं हे सगळ्यात लहान. वर चुनखडीचा उघडा खडक, झाडं नावापुरती. इथली माती निसर्गानं दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी किनाऱ्यावरून वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवरच्या टोपल्यांतून वाहून आणलं, खडकावर पसरलं, त्यातून बटाट्याच्या वाफ्यांपुरती जमीन केली. वेचून काढलेल्या दगडांचं काय करायचं? त्यांच्या भिंती रचल्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. मला आधी वाटलं, काम घाईत उरकलेलं आहे. पण त्या फटी हव्यातच. वारा त्यांतून गाळून जातो आणि त्याचा जोर मोडतो. भिंत भरीव असती तर कधीच आडवी झाली असती. एप्रिलमधल्या एका दुपारी मी भिंतीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभी होते, तेव्हा तोंडातला शब्द तोंडातच राहत होता. दुसऱ्या बाजूला गेले तर ऊन उबदार लागत होतं आणि दोन कोकरं अंग टाकून झोपली होती.

या शेतांना फाटकंही नसतात. गाय आत घ्यायची तर शेतकरी भिंतीतले ठरावीक दगड उतरवतो, गाय आत जाते, तो दगड पुन्हा रचतो. रोज. हे पाहिल्यावर ‘आडोसा’ म्हणजे तिथे काय, हे समजलं. तो आयता मिळत नाही, रचावा लागतो, आणि पडला की पुन्हा रचावा लागतो.

माणसांमधला आडोसाही तसाच. गवत कापायचं, बटाटे काढायचे, पीट, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीतली माती, कापायचं तर सगळी वाडी एकेका घराच्या कामाला जायची. त्याला तिथे ‘मेहल’ म्हणतात. आपल्या खेड्यांतली इर्जिक आठवणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. पैसे नाहीत, हिशेबाची वही नाही, पण कोण आलं होतं आणि कोण नव्हतं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. शेजारच्या आजी गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कोनेमारा भागातल्या. त्यांच्या लहानपणी पीट काढायचं काम म्हणजे अख्खं कुटुंब दिवसभर दलदलीत. बाप लांब पात्याच्या ‘श्लान’नं ओल्या विटा कापून वर फेकायचा, पोरं त्या पसरायची. थोड्या सुकल्या की चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. कंबर मोडणारं काम. आडवी पडलेली वीट वाळत नाही, खालून ओल धरून राहते. आजी हे सांगताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून दाखवतात.

ते पीट आता संपत आलं आहे, आणि संपायलाच हवं. दलदलीच्या पोटात हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो; ती खणली, सुकवली की तो हवेत जातो. बॉर्द न मोना ही सरकारी कंपनी १९४६ पासून यंत्रांनी पीट काढत होती. २०२१ च्या जानेवारीत तिनं ते कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं आणि आता त्याच जमिनी पुन्हा पाण्याखाली आणायचं काम चालू आहे. निर्णय योग्यच आहे, यात मला शंका नाही. पण ‘स्वतःच्या चुलीसारखी दुसरी चूल नाही’ असं ज्या घरांत म्हटलं गेलं, तिथे त्या चुलीला पीटच्या धुराचा वास होता. रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायचा, सकाळी तोच फुंकून पेटवायचा. कितीतरी घरांत तो वर्षानुवर्षं विझू दिला नव्हता. आजींच्या घरी आता रेडिएटर आहेत. त्यांना त्यांचं सुख आहे, आणि वासाची आठवणही आहे. दोन्ही खरं.

मार्चच्या अखेरीस इथे अचानक गारठा परततो, तेव्हा जुनी माणसं कबऱ्या गायीचे दिवस आले म्हणतात. गोष्ट अशी की एक म्हातारी कबरी गाय होती. मार्च सरला तसं तिनं शेपूट उडवून सांगितलं, मार्चनं माझं काय वाकडं केलं? मार्चला राग आला. त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, असा वारा आणि पाऊस घातला की गाय मेली, आणि तिचं कातडंही त्यानं सोलून नेलं. ज्या घरात एकच गाय आहे आणि गंजीतलं गवत मार्चमध्ये संपत आलं आहे, तिथे ही गोष्ट ऐकून कुणी हसत नसणार. हिवाळा संपला असं कॅलेंडर म्हणतं, पण गवत अजून वाढलेलं नसतं. गुरं मरायची ती याच दिवसांत.

गायीवरून आठवलं. साधारण नवव्या शतकातला जुन्या आयरिशमधला एक संग्रह आहे, ज्यात सगळं शहाणपण तीन-तीनच्या गटांत बांधलेलं आहे. कुनो मायर या जर्मन अभ्यासकानं १९०६ साली तो छापून आणला. त्यातलं एक त्रिक मला पाठच झालं आहे. जगाला तोलून धरणाऱ्या तीन बारीक गोष्टी : गायीच्या सडातून चरवीत पडणारी दुधाची बारीक धार, जमिनीतून वर आलेलं धान्याचं बारीक हिरवं पातं, आणि कुशल बाईच्या हातावरून सरकणारा बारीक धागा. दूध, धान्य, कापड. राजा नाही, तलवार नाही, देवसुद्धा नाही. आणखी एकात भरभराटीचे तीन आवाज सांगितले आहेत : दुभत्या गायीचं हंबरणं, लोहाराच्या भात्यापाशी चाललेली ठोकाठोक, नांगराची सरसर. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी कान देऊन हे ऐकलं, आणि कुठल्यातरी मठातल्या लेखनिकाला ते चामड्यावर उतरवून ठेवावंसं वाटलं. मला त्या दोघांबद्दलही माया वाटते.

एवढं सगळं टिकलं कसं? बरंचसं मुलांमुळे. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. सायकलवरून गावोगाव फिरणारे त्याचे संकलक होते, पण ते पुरणार नव्हते. ऐंशी-नव्वदीतली माणसं एकेक करून जात होती. मग १९३७ मध्ये प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावलं. निबंधाच्या तासाला निबंध नको. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि ते सांगतील तसं लिहून आणा. म्हणी, हवेची चिन्हं, पवित्र विहिरी, घरगुती औषधं, पुरलेलं धन, गावातला लोहार, दुष्काळ. दोन वर्षांत सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी मिळून जवळजवळ ७,४०,००० पानं लिहिली. ती आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेली आहेत, त्या संग्रहाची २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत नोंद झाली, आणि ‘दूखस’ या संकेतस्थळावर कुणालाही ती पानं वाचता येतात. मी ती तासन्‌तास वाचत बसते. शाईचे डाग, रेघेबाहेर गेलेली अक्षरं, शुद्धलेखनाच्या चुका, आणि खाली नोंद : हे कुणी सांगितलं, त्याचं वय किती, तो कुठला.

इथे मला जॉर्ज ग्रियर्सन आठवतात. जन्म डब्लिनजवळचा, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. भारतीय भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण त्यांच्या हाताखाली झालं त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. आपल्या वऱ्हाडी, कोकणी, देशी बोलींचे नमुने त्यात गावोगावहून गोळा केलेले आहेत. गोळा करणारं ते राज्य होतं आणि सांगणारी रयत, हा फरक विसरून चालणार नाही. शाळकरी मुलं मात्र आपल्याच आजीला विचारत होती.

आणि त्याच शाळांत काही पिढ्या आधी काय चाललं होतं? १८३१ पासून आयर्लंडमध्ये सरकारी शाळा निघाल्या. पुष्कळ गावांत पोराच्या गळ्यात दोरीनं एक काठी अडकवलेली असे. आयरिशमध्ये बोललं की काठीवर एक खाच. दिवसअखेर खाचा मोजून तितक्या छड्या. सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे यात आईबापही सामील असत. त्यांना पोराचा द्वेष नव्हता. त्याला बोटीत बसायचं आहे, बॉस्टनला किंवा लिव्हरपूलला काम मागायचं आहे, तिथे आयरिश बोलून भाकरी मिळणार नाही, हे त्यांनी ताडलं होतं. ‘सफाईदार इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी’ ही म्हण या पार्श्वभूमीवर ऐकली की तिच्यातला हट्ट ऐकू येतो. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर रोज ती बोलणारे निघाले ७१,९६८. इथे मराठी घरांतली मुलं शाळेत आयरिश शिकतात आणि घरी येऊन आम्हाला म्हणी ऐकवतात. निबंधात म्हण घातली की शिक्षक खूश होतात. घोकलेल्या असल्या तरी मला त्या ऐकायला आवडतात.

आता ती म्हण, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. ‘लांबचे डोंगर हिरवे.’ मराठी कानाला ती लगेच ओळखीची वाटते, कारण दुरून डोंगर साजरे हे आपण बोलायला लागल्यापासून ऐकलेलं असतं. पण आपल्याकडे ती बहुतेक फजितीची म्हण आहे : जवळ गेलात की खरं कळेल. इथे ती निघालेल्या माणसाच्या पाठीमागून म्हटली जायची. अमेरिकेला जाणाऱ्या पोराला घरच्यांनी आदल्या रात्री निरोप द्यायचा, नाच, गाणी, रडणं, पहाटेपर्यंत. लोक त्याला जागरणच म्हणत, मेलेल्यासाठी करतात तसं, कारण तो पुन्हा दिसणार नव्हता.

आणि जे डोंगर सोडून तो निघाला ते जवळून हिरवे नाहीतच. कोनेमारातले, मेयोतले डोंगर तपकिरी आहेत, गंजलेल्या गवताचे, काळ्या पाण्याचे. हिरवा दिसतो तो उतारावरचा एखादा पट्टा. संध्याकाळी सूर्य खाली आला की त्या पट्ट्यावर समांतर सावल्या उमटतात, एकीखाली एक, पार वरपर्यंत, जिथे आज मेंढीसुद्धा क्वचित चढते. ते बटाट्याचे वाफे आहेत. चांगली जमीन जमीनदाराची, म्हणून कुळं उतारावर चढत गेली. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. १८४१ साली या बेटावर ८२ लाख लोक होते. आजही तो आकडा परत गाठलेला नाही. ज्या निर्जन हिरव्या देखाव्याचे फोटो आपण काढतो, तो निर्जन का आहे याचं उत्तर त्या सावल्यांत आहे.

मेयोमध्ये लुईसबर्गहून निघणारा एक रस्ता डूलॉ नावाच्या तळ्याच्या काठानं जातो. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, पाणी शिसवी. आयर्लंडमध्ये याहून देखणी जागा मी पाहिलेली नाही. १८४९ च्या मार्चअखेरीस, कबऱ्या गायीच्याच दिवसांत, शेकडो उपाशी माणसं मदत मिळेल म्हणून लुईसबर्गला जमली होती. तपासणीसाठी आलेले अधिकारी पुढे डेल्फी लॉज या शिकारीच्या बंगल्यावर निघून गेले आणि सकाळी सातला तिथे हजर व्हा असा निरोप ठेवला. एकोणीसेक किलोमीटर. अंगावर धड कपडा नसलेली माणसं रात्रभर त्या गारठ्यात चालली. लोक सांगत आले आहेत की ती पोहोचली तेव्हा साहेब जेवत होते, थांबा म्हणाले. मग रिकाम्या हातांनी परत पाठवलं. परतीच्या वाटेवर माणसं रस्त्याकडेला मरून पडली. किती, यावर आजही एकमत नाही.

‘नी हिगन अन सॉख अन श्यांग.’ पोट भरलेल्याला खपाटीला गेलेलं पोट कळत नाही. ही म्हण या घटनेपेक्षा जुनी आहे. पण १९३८ साली शाळेच्या वहीत ती सांगणारी पंच्याऐंशी वर्षांची आजी १८५३ ची जन्मलेली असते. म्हणजे तिला वाढवलं ते दुष्काळातून वाचलेल्या माणसांनी. तिच्या तोंडून बारा वर्षांच्या मुलीच्या कानात ही म्हण गेली तेव्हा ती सुविचार म्हणून गेली असेल, असं मला वाटत नाही.

डूलॉच्या त्या रस्त्यावर साध्या दगडाचं एक स्मारक आहे. त्यावर, मेयोच्या त्या एकाकी खिंडीत, महात्मा गांधींचं वाक्य कोरलेलं आहे : आपल्यासारख्याच माणसांची मानहानी करून माणसांना स्वतःचा सन्मान झाला असं वाटतं तरी कसं? ते वाचताना मला १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ आठवला. आयर्लंडच्या दुष्काळात लंडनच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. आणि आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या उपाशी मजुराचं रोजचं धान्य पौंडभरावर आणलं, तेव्हा मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. माणसं निराळी, सरकार तेच, आणि मदत देण्याआधी भुकेची परीक्षा घेण्याची पद्धतही तीच.

पण पोट भरलेल्याच्या त्या म्हणीची दुसरी बाजू मी याच रस्त्यावर शिकले. दर वर्षी लोक त्या मृतांसाठी इथून चालतात, आणि एका वर्षी त्यांच्यात अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीची माणसं होती. १८३० च्या दशकात चॉक्टॉंना त्यांच्या भूमीतून हाकलून देण्यात आलं होतं आणि त्या प्रवासात त्यांची हजारो माणसं मेली होती. १८४७ मध्ये आयर्लंडच्या उपासमारीची बातमी त्यांच्यापर्यंत गेली तेव्हा स्वतःकडे काहीच नसताना त्यांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले. मदत इतरांनीही पाठवली होती. कलकत्त्याहून सुमारे १४,००० पौंड गेले होते. पण चॉक्टॉंच्या १७० डॉलरांबद्दल इथली माणसं बोलतात तेव्हा आवाज बदलतो. कॉर्कमधल्या मिडल्टन गावात त्यांच्यासाठी पोलादाच्या नऊ उंच पिसांचं शिल्प उभं केलेलं आहे.

‘विसरल्यानं कर्ज फिटत नाही’ अशीही एक आयरिश म्हण आहे. २०२० साली कोविडनं अमेरिकेतल्या नव्हाहो आणि होपी जमातींच्या वस्त्यांत हाहाकार माजवला. पाणी नाही, दवाखाने दूर. त्यांच्यासाठी वर्गणी सुरू झाली तशी आयर्लंडमधून देणग्यांची रीघ लागली. जमात वेगळी होती, हे देणाऱ्यांना माहीत होतं. शेजारच्या आजींनीही नातवाकडून फोनवरून वीस युरो पाठवून घेतले. निरोपाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला फक्त साल सांगितलं : १८४७.